मधल्या सुट्टीची भाषा

अ‍ॅपची स्क्रीन उजवीकडून डावीकडे वळवायची होती. हिब्रू आणि अरबी मी एकाच टास्कमध्ये उरकल्या. त्याच नादात जेरुसलेमच्या 'हॅन्ड इन हॅन्ड' शाळेबद्दल वाचलं.

१९९८ पासून तिथे ज्यू आणि अरब मुलं एकाच वर्गात शिकतात. वर्गात दोन शिक्षक, एक हिब्रू बोलणारा, एक अरबी. २०१४ मध्ये कट्टर ज्यू तरुणांनी पहिलीचा वर्ग पेटवला. शाळा बंद पडली नाही.

मी अडकलो मधल्या सुट्टीपाशी. खेळताना हिब्रूच जिंकते. अरब मुलांना दोन्ही भाषा येतात, ज्यू मुलांची अरबी अडखळते. गरजच पडत नाही ना!

बंगळुरूत मला पाच वर्षं झाली. बिल्डिंगचा वॉचमन माझ्यासाठी हिंदी शिकला. माझं कन्नड अजून 'गोत्तिल्ला'वरच आहे.