नकलाकाराचा कान

ग. दि. माडगूळकर महाराष्ट्राला कवी म्हणून ठाऊक. पण चित्रपटात ते आले ते नट म्हणून. जन्म 1 ऑक्टोबर 1919चा, शेटफळ्याचा. बालपण माणदेशात, शाळा औंधला. गणिताने मॅट्रिक अडवले. नकला मात्र झकास जमत. तेवढ्या शिदोरीवर त्यांनी कोल्हापूर गाठले. हंस पिक्चर्सच्या ‘ब्रह्मचारी’त (1938) लेखन आचार्य अत्र्यांचे, दिग्दर्शन मास्टर विनायकांचे आणि माडगूळकरांच्या वाट्याला किरकोळ काम. नायकाचा चेहरामोहरा नव्हताच. मग काही काळ वि. स. खांडेकरांचे लेखनिक झाले.

1942 साली ‘भक्त दामाजी’ आणि ‘पहिला पाळणा’ यांतून गीतकार पुढे आला. ‘लोकशाहीर रामजोशी’ने (1947) लेखकाची गादी पक्की केली. पडद्यावरची छोटी कामे तरीही सुटली नाहीत, आणि ते बरेच झाले. त्यांचे संवाद नटाच्या तोंडात अडकत नाहीत. कुठे श्वास घ्यायचा हे लिहिणाऱ्याला आधीच कळलेले असते. राजा परांजप्यांच्या ‘लाखाची गोष्ट’मध्ये (1952) महिनाभरात लाख रुपये उडवण्याची अट आहे. कल्पना गमतीची, पण चित्रपट तरतो तो बोलण्यावर.

कोल्हापूरच्या चित्रसृष्टीचा हक्काचा गड म्हणजे तिथून वीसेक किलोमीटरवरचा पन्हाळा. तट, बुरूज, दरवाजे आयते मिळत, म्हणून ऐतिहासिक चित्रपटवाले वर चढत. दिग्दर्शक व्ही. शांतारामांनी तर तिथे घरच केले. या शांतारामांसाठी माडगूळकरांनी लिहिलेली सर्वांत मोठी गोष्ट मात्र किल्ल्यांची नव्हे, कैद्यांची. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला औंध संस्थानाने कैद्यांची खुली वसाहत वसवली होती. तुरुंगाला भिंत नाही, ही गोष्ट माणदेशी माणसाच्या घराजवळचीच. तिच्यातून ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) उभा राहिला: सहा खुनी कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक जेलर. बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळाले.

गीतरामायणाच्या 56 गीतांनी पुढे नट आणि पटकथाकार दोघेही झाकले गेले. 1969 साली पद्मश्री मिळाली, 1973 साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आले. 14 डिसेंबर 1977 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.