कुणाला पाणी, कुणाला ताण

३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं आणि बघता बघता तो आकडा देशभर फिरला. पुढे हवामान खात्याने खुलासा केला, की संवेदक बिघडला होता. काही नागपूरकरांना त्याचं वाईटही वाटलं असेल. उन्हाच्या बाबतीत हे शहर जरा अभिमानी आहे. खऱ्या नोंदी तरी कुठे कमी आहेत? २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ वर गेला होता. अशा दिवसांत माणसं दारं-खिडक्या लावून कूलरसमोर बसतात. झाडांना ती सोय नाही.

माझ्या सासूबाईंची बाग या शहरात आहे. घराभोवतीची जागा बेताची. तिच्यात दोन संत्री, एक कागदी लिंबू, सीताफळ, पेरू, आम्रपाली आंबा, पपया, कढीपत्ता आणि मोगऱ्याच्या कुंड्या. मी रत्नागिरीकडची. आमच्या गावी झाडं घरात शिरू नयेत म्हणून कोयता हाती धरावा लागतो. इथे मे महिन्यात एक हिरवं पान टिकवायला पहाटे पाचला उठावं लागतं, आणि आई उठतातच. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला, म्हणजे साधारण २५ मे उजाडला, की पहिले नऊ दिवस नवतपा. त्या दिवसांत सकाळी आठनंतर बागेत कुणी पाऊल ठेवायचं नाही असा त्यांचा नियम आहे, आणि तो माळीकाकांनाही लागू.

दुपारी पाणी घातलं की पानांवरचे थेंब भिंगासारखे तापतात आणि पान जळतं, असं पुष्कळ जण सांगतात. गुळगुळीत पानांच्या बाबतीत या समजात फारसं तथ्य नाही. खरा धोका पाइपात असतो. उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातलं आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापलेलं असतं, आणि तेच थेट मुळांवर पडतं. म्हणून पहाटेसुद्धा पाइपातलं पहिलं पाणी बादलीत काढायचं आणि मग नळी आळ्यात सोडायची. बादलीतलं पाणी पायऱ्या धुवायला.

पण पाण्याची वेळ ही गोष्ट सोपी. ते कुणाला तोडायचं, हे अवघड.

नागपूरच्या संत्र्याची कीर्ती जुनी. हे झाड रघुजी भोसल्यांनी औरंगाबादेहून आणलं असं सांगतात. २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. अंगणातल्या दोन्ही झाडांची रोपं इथल्याच केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्थेतून आणलेली, एकाच दिवशी लावलेली. एक धुण्याच्या मोरीशेजारी, दुसरं मागच्या कोपऱ्यात, जिथे नळी कशीबशी पोचते. मोरीजवळचं झाड वर्षभर हिरवंगार, पाहुण्यांनी कौतुक करावं असं. फळं मात्र हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. कोपऱ्यातलं झाड अंगाने किरकोळ आणि दर हंगामात फांद्यांना टेकू द्यावे लागतात.

माळीकाकांना यात नवल काही वाटलं नाही. "थे मोरीजवळचं तर कधी तहानलंच नाही," ते म्हणाले. "झाडाले जिवाची भीती वाटली पायजे, बाई. तवाच थे फुलते."

शेतकरी याला ताण देणं म्हणतात. पाणी तुटलं की झाडाची पालवी थांबते, पानांनी तयार केलेलं अन्न वाढीवर खर्च न होता फांद्यांत साठतं, आणि पाणी पुन्हा मिळालं की नव्या पालवीबरोबर फुलांचा भर येतो. हलक्या जमिनीत महिनाभराचा ताण पुरतो. विदर्भाची काळी माती ओल धरून ठेवते, तिच्यात दोन महिनेही लागतात. हिवाळ्यात ताण देऊन जानेवारी-फेब्रुवारीत फुलवला तो आंबिया बहार. मे महिन्यात पाणी तोडून पावसावर फुलवला तो मृग, म्हणजे इकडच्या बोलीत मिरग. आंबियाची फळं दिवाळीच्या आगेमागे उतरू लागतात, मृगाची त्यानंतरच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. ताण मोडतानाही एकदम भसाभसा पाणी चालत नाही. आधी हलकं आंबवणीचं, काही दिवसांनी त्याहून जास्त, आणि मग नेहमीचं.

घरच्या बागेत हे साधणं शेतातल्यापेक्षा कठीण. शेतात हजार झाडं एकाच वेळी तहानलेली ठेवता येतात. अंगणात संत्र्याला उपाशी ठेवायचं आणि त्याच्यापासून चार पावलांवरच्या मोगऱ्याला रोज पाजायचं, आणि मुळं काही कुंपण मानत नाहीत. आईंनी मोगरा कुंड्यांत नेला तो याच कारणाने. मोरीचं पाणीही आता नळीने पेरूकडे वळवलंय.

लिंबाचा मामला आणखी चमत्कारिक. कागदी लिंबू सर्वांत जास्त फुलतं ते जानेवारी-फेब्रुवारीत, आणि फळ हाती येतं जून-जुलैपासून पुढे. धो-धो पाऊस पडत असताना, जेव्हा सरबताची आठवणही कुणाला होत नाही, तेव्हा झाडाखाली पिवळा सडा असतो आणि शेजारीपाजारी पिशव्या वाटाव्या लागतात. एप्रिल-मेमध्ये बाजारात लिंबाचा भाव कडाडतो, तेव्हा घरच्या झाडावर हिरव्या गोट्या. उन्हाळ्यात फळ हवं तर हस्त बहार धरायला हवा. त्यासाठी ताण द्यायचा ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे नेमका आकाशातून पाणी ओतत असताना. बागायतदार त्यावर संजीवकांच्या फवारण्या करतात. आईंनी तो नाद केला नाही. पावसाळ्यातल्या लिंबांचं लोणचं आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलेला रस, हा त्यांचा हस्त बहार.

या लिंबाची पानं काही वर्षं पिवळी पडत होती. शिरा हिरव्या, मधली जागा पिवळी. शेणखत झालं, युरिया झाला, फरक शून्य. कारण मातीत होतं. घर बांधताना कंत्राटदाराने खड्डे भरायला विटांचे तुकडे, सिमेंटचा चुरा आणि चुनखडीचा मुरूम टाकला होता. अशा चुनखडीयुक्त जमिनीत लोह असतं, पण मुळांना ते घेता येत नाही. शहरी अंगणांत हे दुखणं सर्रास दिसतं, आणि खत कमी पडतंय असं समजून लोक खत वाढवत राहतात. पानांवर हिराकशीची पातळ फवारणी केली की महिन्याभरात रंग पालटतो. तो टिकवायचा तर आळ्यातली माती हळूहळू बदलणं आणि भरपूर कंपोस्ट, याला पर्याय नाही.

लिंबू-संत्र्याच्या खोडाला पाणी लागू द्यायचं नाही, हाही इथला कडक नियम. खोडाशी ओल साचली की जमिनीतली फायटोफ्थोरा बुरशी सालीत शिरते, डिंक ओघळू लागतो आणि भलं मोठं झाड दोनेक वर्षांत जातं. म्हणून दुहेरी आळं: खोडाभोवती एक कोरडं कडं आणि त्याच्या बाहेर पाण्याचं. नाहीतरी पाणी पिणारी बारीक मुळं फांद्यांच्या टोकांखाली असतात. बुंध्यावर नळी सोडून गप्पा मारत उभं राहण्याने झाडाचं भलं होत नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी खोडाला बोर्डो मलम लागतं: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. त्याचा पांढरट-निळा लेप जमिनीपासून गुडघ्याच्या वरपर्यंत. बुरशीला तो अडवतोच, शिवाय पश्चिमेच्या उन्हाने साल तडकते तेही थांबतं.

नव्या रोपांना सावली लागते, आणि ती विदर्भात विकत आणावी लागत नाही. तूर काढून झाली की तुराट्या उरतात. माळीकाका त्या दक्षिण आणि पश्चिम बाजूंना रोवून रोपाभोवती आडोसा करतात; पूर्वेकडची बाजू उघडी. सकाळचं कोवळं ऊन मिळतं, दुपारचा मारा अडतो. हिरवी जाळी दिसायला नेटकी असते, पण वारा सुटला की फडफडून कोवळे शेंडे घासते. या बाबतीत माझं मत तुराट्यांच्या बाजूचं आहे.

पाणी वाचवण्याची जुनी रीत मडक्याची. न भाजलेलं नव्हे, भाजलेलं पण बिनलेपाचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, भरून ठेवायचं आणि वर झाकण. भोवतालची माती कोरडी पडेल तसं ते पाझरतं. चीनमध्ये फान शंग-ची यांच्या इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या शेतीग्रंथात ही रीत सांगितलेली आहे. आमच्याकडे पुरले जातात घरातले निवृत्त माठ. पण पाणी गार होईनासं झालं म्हणूनच माठ निवृत्त होतो, आणि गार होत नाही कारण क्षारांनी त्याची छिद्रं बुजलेली असतात. तो मातीत तरी कसा पाझरणार? मग बुडाला बारीक भोक पाडून सुती कापडाची वात ओवायची.

कूलरच्या पाण्याबद्दल मात्र घरात दोन पक्ष आहेत. सासऱ्यांना ते फेकणं जिवावर येतं. परंतु कूलरमध्ये पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. आठवडाभर फिरलेल्या त्या पाण्याने जाळीवर पांढरा थर धरतो. मोगरा, लिंबू आणि संत्रं यांना ते सोसत नाही. तडजोड म्हणून ते फाटकाबाहेरच्या कडुनिंबाला जातं. कडुनिंबाची अजून तरी तक्रार आलेली नाही.

जुलै २०१९ मध्ये तोतलाडोह धरण आटलं आणि नागपूरला एक दिवसाआड पाणी मिळू लागलं. पाऊसही लांबला होता. तेव्हा बागेची खरी छाननी झाली. पपया गेल्या. पेरूने पानं गाळली आणि नंतर सावरला. आंब्याला काही कळलंही नसावं, त्याची मुळं खोल उतरलेली होती. आळ्यात वीतभर जाडीचा पालापाचोळा होता त्या झाडांखालची माती आठवड्याने उकरली तरी ओलसर लागायची. उघड्या आळ्यांत काळ्या मातीला बोट जाईल अशा भेगा पडल्या होत्या, आणि भेग पडताना ती बारीक मुळंही तोडते. त्या वर्षापासून पानं झाडून पेटवणाऱ्या शेजाऱ्यांकडून आई ती पोत्याने मागून आणतात.

आणि या सगळ्यांत सीताफळ! एप्रिल-मेमध्ये ते पूर्ण निष्पर्ण होतं. घरी आलेला प्रत्येक जण सांगतो, हे वाळलं, काढून टाका. ते वाळलेलं नसतं. खर्चच बंद केलेला असतो. पाण्याचा थेंब न मागता ते उन्हाळा काढतं आणि जूनच्या सरींबरोबर पालवी आणि फुलं एकदमच घेऊन येतं. फुलाची तऱ्हा निराळी. ते आधी मादी असतं, नंतर नर. स्वतःचा पराग तयार होईपर्यंत स्वतःची वेळ निघून गेलेली असते. पराग नेण्याचं काम बारीक भुंगेऱ्यांचं. ते शहरात कमी, आणि हवा कोरडी असेल तर फूल तसंच सुकून गळतं. त्यामुळे पावसाळ्यात सकाळी सकाळी माझी मुलगी चित्रकलेचा मऊ ब्रश आणि बाटलीचं झाकण घेऊन सीताफळाखाली असते. उमललेल्या नर फुलांतला पराग झाकणात झटकायचा आणि अर्धवट उघडलेल्या फुलांत ब्रशने फिरवायचा. सीताफळाचा एकेक डोळा एकेका स्त्रीकेसरापासून बनतो. जिथे पराग पोचला नाही तिथे डोळा भरत नाही आणि फळ एका अंगाने वाकडं होतं. ब्रशची फळं गोल निघतात. वाकडं फळ दिसलं की आजी विचारते, "हे कोणाच्या वाटणीचं?"

आम्रपालीबद्दल फार सांगण्यासारखं नाही, आणि हेच तिचं मोठेपण. दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत तयार झालेली ही जात बुटकी राहते आणि दरवर्षी फळते. मोहर फुटायच्या आधी पाणी बंद, कैरी वाटाण्याएवढी झाली की सुरू, एवढं पाळलं की झालं. रत्नागिरीच्या माणसाने तिला आंबा म्हणावं का, हा वेगळा वाद आहे आणि तो आमच्या घरी दर मे महिन्यात होतो. पपईची मात्र खात्री नाही: उभयलिंगी झाडं कडक उन्हात नर फुलांकडे झुकतात, आणि मार्चमध्ये भरवशाचं वाटलेलं झाड मेमध्ये नुसतीच फुलं गाळत बसतं. वानरांची टोळी आली तर तेवढाही हिशेब उरत नाही.

सध्या पश्चिमेच्या भिंतीलगत हातभर खोल खड्डा उघडा पडलाय. नवं झाड जूनमध्ये लावायचं तर खड्डा एप्रिलमध्येच खणतात आणि उन्हात तापू देतात. मातीतल्या किडींचा आणि बुरशीचा बंदोबस्त नवतपा फुकट करून देतो. आईंना तिथे अंजीर हवंय. माळीकाकांचं मत आवळ्याला, कारण "त्याले काही मागायची सवय नाही." मुलीने जांभळाचं नाव काढलं, पण ते एवढ्याशा जागेत मावणार नाही म्हणून तिचं मत बाद झालं. खड्ड्याच्या बुडाशी सासऱ्यांनी आत्ताच शेणखताचं पोतं आणून ठेवलंय, आणि ते अंजिराचं की आवळ्याचं, हे विचारायला गेलं की ते कूलरची टाकी भरायला निघून जातात.