पाण्याची बादली

परवा मावशीकडे गेले होते. चहासाठी दूध काढायला फ्रिज उघडला, तर दाराच्या कप्प्यात इन्सुलिनची बाटली. ती बाटली दिसली की मला अजूनही हायसं वाटतं. का, ते घरच्यांना माहीत आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या गावात एक आरोग्यसभा झाली होती. मोठा मंडप, कीबोर्ड, ढोलक, तीन संध्याकाळी. बाहेरगावचे प्रचारक आले होते. मीही गेले होते, खोटं का बोलू? गाणी छान होती. लोक पुढे येऊन साक्ष देत होते, कुणाची कंबर बरी झाली, कुणाची दारू सुटली. शेवटच्या दिवशी प्रचारक म्हणाले, प्रभूने बरं केल्यावरही जो औषध घेतो त्याचा प्रभूवर विश्वास नाही. मावशीने घरी येऊन इन्सुलिन बंद केलं. कुणालाच सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायची, "बरं वाटतंय गं, एकदम हलकं."

नवव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, बोलणं असंबद्ध व्हायला लागलं. चार दिवस आयसीयूत होती. वाचली. मामाने त्या सभेच्या मंडळींना फोन केला, तर उत्तर आलं, "विश्वास कमी पडला असेल." आजार दिला तो दिला, वर अपराधीपणही तिच्याच पदरात!

मी फार चिडले. पुढची दोन वर्षं नाताळ सोडला तर उपासनेला गेले नाही. चमत्कार हा शब्द ऐकला तरी कपाळावर आठी यायची.

मला परत वळवलं ते पणजीच्या एका गोष्टीने. माझी पणजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून ज्या मुली आणल्या, त्यांतली ती एक. दळण दळायला, शिवायला आणि छापखान्यात खिळे जुळवायला ती तिथेच शिकली. केडगावात १९०५ साली जे संजीवन झालं, त्याबद्दल ख्रिस्ती इतिहासात पुष्कळ लिहिलेलं आहे. त्या वर्षी रमाबाईंनी रोज प्रार्थनेला बसायला मुली मागितल्या. आधी सत्तर आल्या, पुढे संख्या साडेपाचशेवर गेली. जूनच्या अखेरीस एका पहाटे एका मुलीला पवित्र आत्म्याचा असा अनुभव आला, की तिच्या अंगावर आगच उतरली आहे असं शेजारणीला दिसलं. मग रडणं, पापकबुली, रात्र रात्र प्रार्थना. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरचं प्रसिद्ध संजीवन १९०६चं, म्हणजे आमचं केडगाव त्याच्या आधीचं!

आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा आम्हा मुलांना आगीचंच कौतुक. पण आजी दर वेळी एक तपशील न चुकता सांगायची. ती शेजारीण बघत उभी राहिली नाही. ती धावत गेली आणि पाण्याची बादली घेऊन आली. ओतणार, तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, मैत्रीण जळत नाहीये.

लहानपणी आम्ही त्या बादलीवाल्या मुलीला हसायचो. आता वाटतं, तिचं काय चुकलं? मैत्रीण पेटलेली दिसली तर माणसाने पाणीच आणायला हवं. त्या पहाटेच्या गोष्टीत मला आगीइतकीच ती बादलीही पवित्र वाटते. मावशीच्या वेळी हेच झालं नाही. तिथे बादली आणणाऱ्याला अविश्वासी ठरवलं गेलं.

मग पवित्र शास्त्र पुन्हा काढून बसले. योहान आपल्या शुभवर्तमानात चमत्कारांना 'चिन्हं' म्हणतो. चिन्ह म्हणजे रस्त्यावरची पाटी, ती बघून पुढे जायचं असतं, पाटीखाली मुक्काम ठोकायचा नसतो. पौलाच्या हातून लोक बरे झाले, पण त्याच्या स्वतःच्या शरीरातला काटा तीनदा विनवूनही निघाला नाही. त्रफिमाला त्याने मिलेतात आजारीच मागे ठेवलं. तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगितलं. आणि त्याच्यासोबत लूक होता, तो वैद्य. पौलाचा विश्वास कमी पडला, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

रमाबाईंचंच बघा. एवढं संजीवन ज्यांच्या अंगणात झालं, त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली आईच्या आधी गेली. तोवर रमाबाईंना ऐकूही येईनासं झालं होतं. त्यांनी प्रार्थना केली नसेल? पण हिब्रू-ग्रीकमधून मराठीत बायबल आणायचं काम त्यांनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, तेव्हा ते पुरं झालेलं होतं. आत्मिक सामर्थ्य म्हणतात ते मला इथे जास्त दिसतं.

याचा अर्थ माझा चमत्कारांवर विश्वास नाही असा कृपया घेऊ नका. मी मागते, अजूनही मागते. २०२१ मध्ये धाकटे दीर व्हेंटिलेटरवर होते, तेव्हा आम्ही सगळ्यांनी फोनवरून रात्र रात्र प्रार्थना केली. ते गेले. त्याच सुमारास शेजारच्या काकू, ज्यांची डॉक्टरांनी आशा सोडली होती, त्या चालत घरी आल्या. या दोन गोष्टींचा हिशेब मला लावता येत नाही, आणि जो कुणी तो पटकन लावून देतो त्याची मला भीती वाटते. इतकंच कळलंय, की जाऊबाई आजही रविवारी आमच्या शेजारी बसून गाते. ते बळ तिचं एकटीचं नाही, एवढं मी बघितलंय.

असो. चहा झाल्यावर मावशीची जेवणाची वेळ झाली. तिने सुई भरली, डोळे मिटले, ओठ हलले, मग पोटाला टोचून घेतलं. मी धीर करून विचारलं, "मावशी, रोज काय मागतेस गं?"

"मागत नाही," ती म्हणाली. "ज्याने हे औषध शोधलं त्याच्यासाठी आभार मानते. आणि त्या प्रचारकासाठीही एक शब्द."

"त्याच्यासाठी?" माझा आवाज चढलाच.

"हो. त्याला कुणीतरी वेळेवर अडवायला हवं ना. मला तुम्ही होतात." सुई डब्यात टाकून ती म्हणाली, "चल, पोळ्या लाटायला घे."