वीस वर्षांचा पाहुणा

हिंजवडीला लागून असलेले मारुंजी हे मुळशी तालुक्यातील गाव. जेथे पूर्वी शेते डोलत, तेथे आज उंच इमारती उभ्या आहेत. अशाच एका इमारतीत एक वृद्ध शेतकरी आपल्या मुलाकडे राहतात. त्यांचा गोठा गेला, बैलजोडी गेली. परंतु पहाटे उठून मुक्या जिवाची विचारपूस करण्याची सवय मात्र गेली नाही. आता ती विचारपूस एका करड्या पाखराच्या वाट्याला आली आहे.

डोक्यावर उभा तुरा, गालांवर नारिंगी ठिपके आणि लांब शेपटी असलेले हे पाखरू म्हणजे कॉकटील. काकाकुव्याच्या कुळातील हा सर्वांत लहान पक्षी. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील रुक्ष माळरानांवर तो थव्याने हिंडतो. माणसाच्या घरी नीट निगा राखली, तर तो १५ ते २० वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक जगतो.

आजोबांच्या नातीचा या पाखरावर फार जीव. त्याला सूर्यफुलाच्या बिया आवडतात, म्हणून ती रोज वाटी भरून बियाच घाली. एके दिवशी सकाळी पाखरू पिसे फुगवून गप्प बसलेले आजोबांना दिसले. पिंजऱ्याच्या तळाशी विष्ठाही नेहमीपेक्षा कमी होती. “झोप आली असेल त्याला,” घरातील कोणी म्हणाले. आजोबांनी मान हलवली. “जनावर बोलत नाही, त्याचे शेण बोलते. आजच दाखवायला हवे.”

पक्ष्यांच्या वैद्यांनी पाखरू तपासले. केवळ बिया खाल्ल्याने अंगात चरबी साठते, यकृतावर भार पडतो आणि अ जीवनसत्त्व व चुना यांची उणीव राहते, असे त्यांनी समजावले. थव्यातील दुबळ्या पक्ष्यावर ससाण्याची दृष्टी आधी जाते. म्हणून पाखरे आपले दुखणे शक्य तितके लपवतात. ते दिसू लागते, तेव्हा बहुधा बराच उशीर झालेला असतो. नात खिन्न झाली. आपल्या लाडानेच पाखराला अपाय झाला, हे तिला उमगले.

त्या दिवसापासून घराची रीत पालटली. बिया थोड्या झाल्या. त्यांच्या जोडीला पक्ष्यांसाठी तयार केलेले गोळीखाद्य, मेथी, कोथिंबीर आणि किसलेले गाजर आले. हा बदलही हळूहळू केला. कारण अनोळखी अन्न न ओळखता पाखरू उपाशी राहू शकते. एकाच जाडीच्या गुळगुळीत दांड्यांऐवजी पेरूच्या लहानमोठ्या फांद्या बसवल्या. पक्ष्याची फुप्फुसे फार नाजूक. न चिकटणारा तवा अति तापला, तर त्याच्या वाफेने तो काही क्षणांत दगावतो. म्हणून तसा तवा घरातून गेला आणि उदबत्ती त्याच्यापासून दूर लागू लागली. पाखरू मोकळे सोडताना पंखा बंद व खिडक्या लावलेल्या असत. रात्री दहा-बारा तास शांत झोप मिळावी आणि अंधारात दचकून त्याने पंख आपटू नयेत, म्हणून मंद दिवा ठेवला जाई. काही आठवड्यांत पाखराने पुन्हा शीळ घातली.

एका संध्याकाळी नातीने विचारले, “आजोबा, याला आकाशात सोडून द्यावे, असे तुम्हांला नाही वाटत?”

समोरच्या झाडावर रानपोपटांचा थवा उतरला होता. त्याकडे बोट दाखवून आजोबा म्हणाले, “ते आकाशाचे धनी. त्यांना कोंडायला १९७२ च्या कायद्यानेच बंदी आहे. पण हे पिंजऱ्यात जन्मले, पोरी. याला इथली घार ठाऊक नाही, चारा कुठे मिळतो ते ठाऊक नाही. याला सोडणे म्हणजे मुक्त करणे नव्हे, टाकून देणे होय. आणायच्या आधी विचार करायचा असतो. आणल्यावर निभवायचे असते.”

नात सहावीत आहे. ती शिकून नोकरीला लागेल, तेव्हाही हे पाखरू कदाचित तिच्या घरात असेल. आता दर रविवारी सकाळी ती त्याला स्वयंपाकघरातील छोट्या काट्यावर बसवते आणि वजन वहीत टिपते. पाखराचे सारे वजन अवघे ९० ग्रॅमच्या आसपास. त्यात नऊ ग्रॅमांची घट म्हणजे देहाचा दहावा हिस्सा. आवडेल ते देणे ही मायेची सुरुवात असेल. परंतु रोज लक्ष देणे हीच खरी माया, हे त्या वहीने तिला शिकवले आहे.