दोन गिअर, एक फुंकर

फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनचा सामना अडीच मिनिटांच्या आसपासचा. तेवढ्यात रोबोटला मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायचंही असतं आणि वाट अडवणाऱ्याला रेटायचंही असतं. एकाच गिअरमध्ये दोन्ही नीट जमत नाही. वेगासाठी बांधलेला रोबोट भिडला की चाकं थांबतात. जाम झालेली एक सिम (CIM) मोटर 130 अँपिअरच्या आसपास करंट ओढते, आणि अख्ख्या रोबोटचा मुख्य ब्रेकर 120 चा! बॅटरीचं व्होल्टेज बसतं, कंट्रोलर मोटरी तोडतो आणि ऐन रेटारेटीत रोबोट ढिम्म उभा राहतो. खालचा गिअर मी त्यासाठी मागतो. तो असा निवडायचा की मोटर जाम होण्याआधी चाकंच कार्पेटवर घसरली पाहिजेत.

गिअर बदलायला दाबलेली हवाच का, असं संघातली नवीन मुलं दर वर्षी विचारतात. मी त्यांना गिअरबॉक्स उघडून दाखवतो. दोन गिअरच्या मध्ये शाफ्टवर सरकणारा डॉग असतो. त्याचे दात समोरच्या खाचांसमोर आले तरच तो आत बसतो. दातावर दात आला की अडतो. त्याला ढकलणारा हवेचा पाऊण इंची सिलेंडर 60 पीएसआयला साधारण 12 किलोचा जोर लावतो, आणि अडला तरी जोर सोडत नाही. शाफ्ट किंचित फिरला की खट्‌! हवेचं हे दाबून धरणं मला फार आवडतं. अडकलं म्हणून ती जळत नाही, तिला वेगळा प्रोग्रॅमही लागत नाही. डाव्या-उजव्या दोन्ही सिलेंडरना मात्र एकाच सोलेनॉइड व्हॉल्व्हवरून, सारख्या लांबीच्या नळ्यांनी हवा द्यावी. एक बाजू मागे राहिली की रोबोट वळलाच.

बाकी सगळं ड्रायव्हरच्या अंगठ्यात. डॉग या गिअरमधून त्या गिअरमध्ये जाताना क्षणभर न्यूट्रलमध्ये असतो, आणि भिडल्यावर तो क्षण मिळाला की समोरचा आपल्याला ढकलत नेतो. घाटातला एसटी ड्रायव्हर चढ लागण्याआधीच गिअर टाकतो, तसं धडकेआधी बटण दाबलं पाहिजे. सॉफ्टवेअरने करंट बघून आपोआप गिअर बदलता येतो, पण करंट चढतो तो भिडल्यावर. समोरचा रोबोट आपल्याकडे वळतोय हे ड्रायव्हर मुलीला आधी दिसतं, म्हणून मी बटण तिच्याकडेच ठेवतो.

आता बहुतेक तगडे संघ दोन गिअर सोडून स्वर्व्ह ड्राइव्हकडे वळलेत, त्यात चाकं हव्या त्या दिशेला फिरतात. रोबोटवर दुसरं काहीच हवेवर चालत नसेल, तर नुसत्या गिअरसाठी कॉम्प्रेसर आणि टाक्यांचं वजन मीही वाहणार नाही. पण पंजा किंवा हात हवेवर असेल, तर टाकीत 120 पीएसआयची हवा आयतीच भरलेली असते. मग आणखी एक व्हॉल्व्ह आणि दोन सिलेंडर जोडायला मी मुलांना जरूर सांगतो.