शेवटचा स्फटिक

पौषात आमच्या बडोद्यालाही थंडी पडते आणि एखाद्या सकाळी खोबरेल तेलाची बाटली गोठलेली आढळते. आई ती उन्हात ठेवी आणि शेवटची गुठळी विरघळेपर्यंत कोणाला हात लावू देत नसे. विमानाच्या इंधनाची परीक्षाही काहीशी अशीच असते, हे मला निवृत्तीनंतर भाचीच्या प्रयोगशाळेत कळले.

उपकरण अगदी साधे. दुहेरी भिंतीची काचेची नळी, तीत २५ मिलिलिटर इंधन, तापमापक, ढवळण्यासाठी तार आणि सुक्या बर्फाने गार केलेल्या द्रवाचे थर्मास. इंधन ढवळत ढवळत गार करायचे. मेणाचे स्फटिक दिसू लागले की नळी बाहेर काढून, ढवळणे न थांबवता, ती सावकाश गरम होऊ द्यायची. शेवटचा स्फटिक ज्या तापमानाला नाहीसा होतो, तो गोठणबिंदू. म्हणजे गोठणबिंदू नोंदवायचा तो वितळताना! 'जेट ए-१' इंधनासाठी तो उणे ४७ अंश सेल्सिअस किंवा त्याहून खाली असावा लागतो. आता स्वयंचलित यंत्रे हेच स्फटिक प्रकाशकिरणाने टिपतात.

भाची पुढे म्हणाली, "मामा, उणे १० अंशांच्या सुमारास कधी कधी इंधन धूसर होते. पुढे तो धूसरपणा वाढला नाही, तर तो पाण्यामुळे आहे असे समजून सोडून द्यायचा. तसा नियमच आहे."

मला १७ जानेवारी २००८ची घटना आठवली. बीजिंगहून आलेले बोइंग ७७७ विमान लंडनच्या हीथ्रो विमानतळावर धावपट्टीच्या अलीकडेच आदळले. सुदैवाने सर्व १५२ जण वाचले. इंधनाचा गोठणबिंदू उणे ५७ होता. प्रवासात ते उणे ३४च्या खाली गेलेच नव्हते. इंधन कसोटीला पूर्ण उतरले होते. त्यातले पाणीही नेहमीइतकेच होते. पण त्याचा बर्फ बहुधा नळ्यांत साचला आणि एकाएकी सुटून त्याने इंधनाची वाट अडवली, असा निष्कर्ष २०१०च्या चौकशी अहवालात निघाला. कसोटी चुकली नव्हती. तिला मेणाविषयी विचारले होते, पाण्याविषयी नव्हे.

घरी परतताना मला एक जुनी फाईल आठवत राहिली. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी आलेल्या एका विधवा बाईंच्या कागदांत पतीचे आडनाव मृत्यूच्या दाखल्यावर मराठी वळणाने आणि सेवापुस्तकात गुजराती वळणाने लिहिलेले होते. "साहेब, तुम्ही आपल्यातले, तुम्हाला तरी कळेल," असे त्या म्हणाल्या. मला कळत होतेच. माझ्या स्वतःच्या आडनावाची तीच गत आहे. तरीही मी त्रुटीचा शेरा मारून अर्ज परत केला. प्रतिज्ञापत्र, पुन्हा दाखला, पुन्हा खेटे, यांत त्यांचे आठ महिने गेले. लेखापरीक्षणात त्या फाईलवर एकही आक्षेप निघाला नाही.

त्या निर्दोष फाईलचा मला पुष्कळ वर्षे अभिमान होता. आता मात्र त्या दिवशी टेबलापलीकडे उभ्या असलेल्या बाईंचा चेहरा आठवतो. तो धूसरपणा मला दिसला होता. नियमाप्रमाणे मी तो सोडून दिला.