पायाखालचा समुद्र

अमरावतीहून भातकुलीचा रस्ता धरला तेव्हा मृगाचे ढग नुसती हजेरी लावून गेले होते. काळी माती भेगाळून पाऊल अडकेल अशी झालेली. हा खारपाणपट्टा. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, अमरावती, अकोला आणि बुलढाण्यातल्या जवळपास नऊशे गावांत विहीर खणली तर पाणी लागतं, पण खारट. बेटावरच्या माणसाला समुद्र निदान दिसतो. इथं तो पायाखाली आहे.

ऋणमोचनला गाडगेबाबांचा पूर्णेवरचा घाट पाहून दर्यापूरकडे निघालो. वाटेतल्या एका गावात हातपंपावर हात धुताना एक काकू ओरडल्या, "हात धुवा भाऊ, पन पेऊ नका! या पान्यात दाय बी शिजत नाही." नळ आहे, शहानूर धरणाचं पाणी येतं, पण रोज येत नाही. म्हणून त्यांच्या टिनाच्या छपराला पन्हाळ आणि ओसरीजवळ चौथऱ्यावर टाकी. आधीची टाकी जमिनीत होती, ती तडकली. इथली माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. जमिनीतल्या बांधकामाला ती सुखानं राहू देत नाही. पहिल्या सरीचं पाणी काकू बाहेर सोडतात, मग पाइप टाकीत फिरवतात. तोंडाला दुहेरी फडकं, वर घट्ट झाकण. प्यालो. गोड होतं, टिनाचा किंचित वास.

दर्यापूर, अकोट मागे टाकत जाताना मी हिशेब मांडत होतो. पाच माणसांना पिण्या-स्वयंपाकाला रोज 25 लिटर धरले तर पावसाळा सोडून आठ महिन्यांना 6,000 लिटर पुरतात. पण टाकी बांधायला लावणारं कोण? बर्म्युडा बेटांवर नदी नाही, तळं नाही; तिथं घर बांधतानाच बहुतेक छताचं पाणी टाकीत उतरवावं लागतं, टाकी केवढी हवी हेही कायदा सांगतो. छपरं पांढरी ठेवतात. आपल्या शहरांतही मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल संधारणाची सक्ती आहे, पण पुष्कळदा त्याचा अर्थ छताचं पाणी बोअरमध्ये सोडणं एवढाच. पुण्यात ते चालेल. खारपाणात गोड पाणी जमिनीत सोडणं म्हणजे बहुधा ते खाऱ्यात मिसळून टाकणं. इथं मुरवायचं नाही, साठवायचं.

गांधीग्रामला पूर्णा ओलांडून अकोल्यात शिरलो तेव्हा अंधारलं होतं. शहराला काटेपूर्णेचं पाणी आहे. लॉजवाल्यानं न मागता तांब्या आणून ठेवला.

टाकी बांधायला लावता येईल अशी एक जागा आहे: सरकारी घरकुल योजना. तिच्यातलं घर किमान 25 चौरस मीटरचं असतं. या भागातल्या 700 मिलिमीटर पावसात, पाचवा हिस्सा वाया गेला तरी, त्याच्या छतावरून 14,000 लिटर पाणी उतरतं. मंजुरी देणाऱ्या साहेबांनो, खारपाणातल्या घरकुलाच्या नकाशात संडासाशेजारी एक टाकीही काढा.